भाड्याचा हिशेब मे महिन्यात

वास्कोत फ्लॅट घेऊन भाड्याने देणाऱ्याचा हिशेब बहुधा एका ओळीत संपतो: महिना 15,000, वर्षाचे 1,80,000. बंदर आहे, गोवा शिपयार्ड आहे, नौदल आहे, दाबोळीचा विमानतळ आहे, भाडेकरूंना तोटा नाही, असं दलालही सांगतो. हा हिशेब अपुरा आहे आणि त्याचा भुर्दंड मालकाबरोबर भाडेकरूलाही पडतो.

तोच फ्लॅट 50 लाखांचा धरा. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामं राहिलं, 15,000 गेले. दलालाने एक भाडं घेतलं, आणखी 15,000. सोसायटीचा मेंटेनन्स वर्षाला 18,000, रंग-गळती-नळदुरुस्ती 25,000, घरपट्टी 4,000. हाती उरले 1,03,000, म्हणजे जेमतेम दोन टक्के. मुदत ठेवही याहून पुष्कळ जास्त देते. कर्ज काढून घर घेतलं असेल तर हप्त्याची मोठी रक्कम पदरची घालावी लागते. प्राप्तिकरात भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पण खर्च त्याहून जास्त झाला तरी वजावट वाढत नाही. घरपट्टीची वजावटही मालकाने ती प्रत्यक्ष भरली त्याच वर्षी मिळते, थकवली तर नाही.

हे आकडे पाहिले की खर्च कुठे आवरायचा ते कळतं. भाडं 2,000 ने वाढवलं तर वर्षाला 24,000 मिळतील. पण त्यापायी चांगला भाडेकरू उठून गेला तर रिकामा महिना आणि दलाली मिळून 30,000 जातील. वेळेवर भाडं देणारं, घर नीट ठेवणारं कुटुंब टिकवणं हीच इथली सर्वांत मोठी बचत आहे.

आणि भाडेकरू टिकत नाही तो बऱ्याचदा गळतीमुळे. जुलैत बायण्यातल्या किंवा मांगोरच्या एखाद्या जुन्या इमारतीत जाऊन पाहा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की ओल लागते, कपाटामागे बुरशी चढलेली असते, छताचा पोपडा सुटून गंजलेली सळी उघडी पडलेली असते. खाऱ्या हवेत सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. बाहेरची चीर मे महिन्यात बुजवायला थोडक्यात भागतं. तीच दोन पावसाळे राहिली तर स्लॅबच्या दुरुस्तीवर येते. मालक पुण्यात, आखातात किंवा बोटीवर; ‘चतुर्थी झाली की बघू’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. तोवर त्या ओलीत भाडेकरूचं तान्हं मूल झोपतं. हे मला अन्यायाचं वाटतं. गच्ची सगळ्या इमारतीची असते, तेव्हा तिचा खर्च वरच्या मजल्यावरच्या एकट्याच्या गळ्यात घालणाऱ्या सोसायट्यांनीही आपलं धोरण बदलायला हवं.

दलाल सांगतो तसा भाडेकरूंचा भरवसाही कायमचा नसतो. पेडणे तालुक्यातला मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाला आणि दाबोळीची काही विमानं तिकडे वळली. दाबोळी, चिखली भागात विमानतळाच्या कर्मचाऱ्यांच्या भरवशावर घर घेतलेल्यांनी हा बदल हिशेबात धरायलाच हवा. एका धंद्यावर विसंबलेल्या गावांचं काय होतं, ते 2012 साली खाणी थांबल्यावर डिचोलीने सोसलं आहे.

भाडेकरू उठणारच नाही या भीतीने कित्येक मालक घराला कुलूप लावून ठेवतात. 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्याची आणि जमीनमालकाच्या जागेत राहणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मुंडकार कायद्याची धास्ती अजून घराघरांत आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं पाचातलं एक घर रिकामं आढळलं, त्यामागे हीही भीती असावी. बंद घराचा मेंटेनन्स थांबत नाही, घरपट्टी थांबत नाही, ओल तर दुप्पट चढते. त्यापेक्षा 11 महिन्यांचा लेखी करार करावा, भाडेकरूची पोलीस पडताळणी करून घ्यावी, भाडं बँकेत घ्यावं. वीजबिल कोण भरणार, अनामतीतून काय कापलं जाईल आणि गळती कळवल्यावर किती दिवसांत माणूस पाठवायचा, हे करारात स्पष्ट लिहावं. किल्ली देण्याच्या दिवशीच मीटरचा आकडा आणि भिंतींचे फोटो दोघांनी मिळून घ्यावेत, त्यांची यादी करावी आणि त्या यादीखाली दोघांच्याही सह्या असाव्यात.