निर्यातीचा आंबा आणि खंडाची बाग

परदेशाने आपला हापूस नाकारला की त्या देशाच्या सरकारला दूषणे द्यावयाची आणि स्वीकारला की आपल्या मातीची थोरवी गावयाची, ही आपली जुनी रीत होय. १९८९ पासून बंद असलेले अमेरिकेचे दार २००७ साली उघडले, ते मूळच्या कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या केंद्रात आंब्यावर विकिरणाची प्रक्रिया करण्याची अट आपण पाळल्यानंतर. आणि २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने घातलेली बंदी फळमाशीमुळे आली होती, द्वेषबुद्धीने नव्हे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन लाभले हे भूषणावह खरे, पण मानांकनाचा मुलाहिजा फळमाशी ठेवीत नाही.

ही माशी फळ झाडावर असतानाच त्यात अंडी घालते. ४८ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवून आतील अंडी-अळ्या मारता येतात हे मान्य. तथापि गळालेली फळे झाडाखाली कुजत ठेवणाऱ्या आणि रक्षक सापळा टांगण्याचा आळस करणाऱ्या बागेचे पाप धुऊन काढणे हे त्या पाण्याचे काम नव्हे.

आता ज्याविषयी आपण बागायतदार मंडळी उघड बोलत नाही, त्या खंडपद्धतीकडे वळू. मोसमापुरती कलमे घेणाऱ्या खंडकऱ्याचा कलमांशी संबंध शेवटची पेटी वाशीला गेली की संपतो. साहजिकच मोहोर लवकर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल किती ओतले, तुडतुड्यांवर आणि फुलकिड्यांवर कोणते औषध केव्हा मारले, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, याची नोंद ठेवण्याची गरज त्याला वाटत नाही, आणि मालकाला तर ती कधीच वाटलेली नसते. अशा बेदखल फळाची हमी निर्यातदाराने कोणत्या आधारावर द्यावी? औषधाचा अंश प्रयोगशाळेत सापडला म्हणजे जबाब देण्यास खंडकरी हजर नसतो. शिवाय कागदाची किंमत काय असते, हे २०२५ च्या मे महिन्यात दिसलेच: विकिरणाच्या दस्तऐवजांत दोष असल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या विमानतळांवर अडविलेला आपला आंबा तेथेच नष्ट करावा लागला.

जगात सर्वाधिक आंबा पिकविणारा देश ताज्या फळाच्या रूपाने त्यातील शेकडा एक भागही बाहेर पाठवीत नाही, याचा दोष सरकार, दलाल आणि विमानभाडे यांच्याकडे थोडाबहुत जातो. पण आमच्या मते मोठा हिस्सा बागेत नसलेल्या दप्तराचा आहे. ज्यांना खंड सोडणे परवडत नाही, त्यांनी निदान पुढील करारनाम्यात फवारणीची तारीखवार नोंदवही, सापळे आणि देठासह काढणी ही तीन कलमे घालावीत, आणि त्यांना नकार देणाऱ्या खंडकऱ्यास, तो चार पैसे अधिक देत असला तरी, बाग देऊ नये.