सुटलेल्या माणसाची वागणूक

‘ख्रिस्ताने मला मोकळे केले, आता नियमबियम कशाला?’ असे म्हणणारे आपल्या मराठी मंडळ्यांत आहेत. त्यांच्या शेजारच्याच बाकावर बसलेले नेमके उलट सांगतात: कुंकू पुसा, शेजाऱ्याच्या पोळ्याला जाऊ नका, प्रसाद हातात घेऊ नका, एवढे पाळले की जगापासून सुटलात. दोघेही पौलाच्या गलतीकरांस पत्राचाच आधार घेतात. माझ्या मते दोघांनीही ते पत्र अर्धेच वाचले आहे.

यादीवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे. घरादाराशी वाकडे घेऊन विश्वासात आलेल्या माणसाला काय करावे, काय टाळावे हे कुणीतरी सांगावेच लागते. पण गलतीयातला वाद तरी दुसरा कशाचा होता? विश्वास पुरेसा नाही, सुंताही हवी, असे म्हणणाऱ्यांना पौलाने त्या पत्रात फटकारले आहे. पंडिता रमाबाईंनी हे फार लवकर ओळखले. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८८५ मध्ये तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना त्यांनी स्पष्ट कळवले की भटाभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसलेच दुसरे मानेवर घ्यायला मी तयार नाही. त्या परक्या देशात त्यांनी आपला शाकाहारही सोडला नाही. त्यांना बंडखोर म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ख्रिस्ती विश्वासावरची त्यांची निष्ठा यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

मग मोकळीकवाल्यांचे खरे का? नाही. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल बजावतो की ही स्वतंत्रता देहवासनांसाठी नाही, प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे. ल्यूथरने १५२० मधल्या आपल्या पुस्तिकेत हेच दुहेरी सूत्र धरले: ख्रिस्ती माणूस कुणाचाही बांधील नाही आणि तोच सर्वांचा सेवक आहे. रमाबाईंनीही पुढे कबूल केले की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो १८९१ च्या सुमारास भेटला. ही भेट त्यांनी केडगावच्या माळावर उभारलेल्या आश्रमात दिसू लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या मुलींच्या हाती त्यांनी विणकाम, शेती, छापखाना दिला. केडगावला शिस्त होती, कामाच्या वेळा ठरलेल्या होत्या. मात्र ते नियम उपाशी मुलीला पायावर उभे करण्यासाठी होते. तिच्या तारणाची किंमत म्हणून लावलेले नव्हते.

तिसरा पक्ष गप्प असतो म्हणून अधिक घातक. त्याच्या लेखी मोकळीक आत्म्याची, ती रविवारी प्रार्थनेत अनुभवायची; सोमवारच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही. लग्न जुळवताना ‘पूर्वीचे कोण?’ असे म्हणत हळूच जात विचारणारी ख्रिस्ती घरे या पक्षातली. याउलट कवी नारायण वामन टिळकांचे घर पाहा. त्यांना नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या गोंदियावरूनच जाणाऱ्या वाटेवर. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे सोवळे मात्र नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने सुटले नाही. ते त्यांनी चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी, स्वतःशी झगडत सोडले, आणि १९०० मध्ये स्वतःचा बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा क्रम विसरता येत नाही.

इटियाडोहच्या परिसरात तर सोमवारची परीक्षा बांधीतच होते. गाढवी नदीवरचे हे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यावर इथला धान उभा राहतो. वरच्या अंगाला शेत असलेल्याने पाणी अडवून धरले, तर टोकाच्या बांधीत भेगा पडतात. आपली पाळी संपल्यावर पाणी खाली सोडणारा आणि त्यासाठी भावकीचा रोष पत्करणारा विश्वासी मला कुंकवाच्या यादीपेक्षा अधिक काही सांगतो.

भीतीचे तसेच. झाडीपट्टीत ताप उतरला नाही की कुणा म्हातारीवर करणीचा संशय घेतात. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण मनातली भीती कायद्याने जात नाही. ख्रिस्ताने अंधाराच्या सत्तेतून सोडवले असे आपण गातो ना? मग त्या म्हातारीच्या दारात पहिला माणूस आपला असायला हवा. उलट, मंतरलेला ताईत काढून टाकून त्याजागी अभिषेकाच्या तेलाची बाटली टेकवणारा, दशांश चुकला तर आशीर्वाद थांबेल असे धमकावणारा उपदेशक लोकांना जुन्याच भीतीत नव्या नावाने परत नेतो. त्याला मंडळीत उघड विरोध झाला पाहिजे, त्याच्या प्रार्थनेला कितीही गर्दी जमत असली तरी.

म्हणून वडीलजनांना माझे मागणे आहे. बाप्तिस्म्याच्या तयारीला येणाऱ्याला कुंकवाबांगड्यांचे विचारण्याआधी हे विचारा: पाण्याच्या पाळीवरून ज्याच्याशी तुझे बोलणे बंद आहे, त्याच्याकडे तू कधी जाणार? कुणाच्या घरचे जेवण तू अजून टाळतोस? गावाने जिला चेटकीण ठरवले, तिच्या बाजूने पोलीस पाटलाकडे जायला तयार आहेस का? आणि हे प्रश्न विचारण्याआधी स्वतः त्यांची उत्तरे द्या, मंडळीसमोर.