हे वयच तसलं?

सोळाव्या वर्षाच्या लेकीनं दार आपटलं, की आपण म्हणून मोकळ्या होतो, ‘हे वयच तसलं!’ मैत्रिणींनो, खरंच का सगळा दोष वयाचा? आज लोणची-मसाले बाजूला ठेवून एका विदुषीची ओळख करून देते.

मार्गारेट मीड. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ. १९२५ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, या बाई एकट्या पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गेल्या. गुरू फ्रान्झ बोआस यांनी प्रश्न दिला होता: या वयातली वादळं शरीरामुळे उठतात, की घरच्या रीतीभातींमुळे? टाऊ नावाच्या बेटावर त्यांनी मुलींची भाषा शिकून घेतली. अडुसष्ट मुलींच्या नोंदी ठेवल्या. धाकटी भावंडं कोण सांभाळतं, घरी पटेनासं झालं की मुलगी कुठल्या नातलगाकडे राहायला जाते, सारं टिपलं. काही मुली पाद्र्याच्या घरी राहायच्या. तिथली शिस्त न्यारी!

१९२८ साली पुस्तक आलं आणि गाजलं. ही वादळं सगळीकडे सारखी नसतात, बरीचशी आपल्या चालीरीतींनी उठतात, असं बाईंचं म्हणणं. १९७८ साली त्या वारल्या. पुढे १९८३ साली डेरेक फ्रीमन यांनी हे सामोआचं चित्रच चुकीचं ठरवलं, मग फ्रीमन यांच्या पुराव्यांवरही इतरांनी शंका घेतल्या. विद्वानांचे वाद विद्वानांना लखलाभ! मला भावतं ते त्यांचं मुलींशेजारी जाऊन बसणं.

नोकरी न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात. पण ‘रेडबुक’ या बायकांच्या मासिकातही बाईंनी वर्षानुवर्षं सदर लिहिलं. घरात आईवडील देवधर्म न मानणारे, तर यांनी शाळकरी वयात आपणहून बाप्तिस्मा घेतला. मुलं उलट्या दिशेला जातात ती अशीही, बरं का!

१९७० च्या एका पुस्तकात त्यांनी मांडलं, की बदललेल्या काळात मोठी माणसंच परमुलखातून आल्यासारखी नवखी असतात; त्यांनी मुलांकडूनही शिकायला हवं. मोबाइल पुढे करून ‘हे कसं गं उघडायचं?’ विचारणाऱ्या आपल्याला हे वेगळं काय सांगायचं! मग तिच्या कानातल्या गाण्याबद्दलही कधी तसंच विचारून पाहा. नाक न मुरडता हं.

बाईंना एकुलती एक लेक, १९३९ सालची. तिच्या जन्माचंसुद्धा त्यांनी चित्रीकरण करून घेतलं, बाळपणीच्या नोंदी ठेवल्या. पुढे लेकही मानववंशशास्त्रज्ञ झाली. १९८४ साली तिनं पुस्तक लिहिलं, चक्क आपल्या आईवडिलांवर!