हापशाला वास येतो, साहेबाला येत नाही

वस्तीत हापसा मारला की पाण्याला पेट्रोलचा वास येतो. बाया सांगून दमल्या. साहेब जीपमधून उतरतात, ग्लासभर पाणी उन्हात धरतात आणि म्हणतात, "स्वच्छ तर दिसतंय. वास हा काही पुरावा नव्हे. रिपोर्ट आणा." कुठनं आणायचा रिपोर्ट? लॅबोरेटरी काय आमच्या बापानं काढून ठेवलीय?

दोस्तांनो, सगळी लबाडी या दोन शब्दांत आहे. रिपोर्ट आणा. ज्याच्या टाकीतून गळतंय त्यानं काहीच सिद्ध करायचं नाही. ज्याच्या घशाखाली जातंय त्यानं करायचं. म्हणून आधी ही टाकी समजून घ्या.

पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. लोखंड गंजतं, पाइपाचा सांधा सुटतो, टँकर खाली करताना सांडतं. थेंब थेंब मुरमातून खाली उतरतो आणि भूजलावर तरंगतो. पण पेट्रोलमधलं बेन्झीन पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर वस्तीकडं चालू लागतं. बेन्झीननं रक्ताचा कॅन्सर होतो, यात आता कुणाला शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन १ टक्क्यापर्यंत चालतं. लिटरला १० मिलिलिटर, वजनानं पावणेनऊ ग्रॅम. करा हिशेब. ते सगळं पाण्यात उतरलं तर १ लिटर पेट्रोल पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवतं. १०,००० लिटरचे ८७ टँकर! आणि साहेब ग्लास उन्हात धरतो.

वर सल्ला काय, तर पाणी उकळून प्या. अरे, उकळलं की बेन्झीन वाफ होऊन उडतं आणि खोपटात चूल फुंकणाऱ्या बाईच्या छातीत जातं. तुरटी फिरवून, क्लोरीनचे थेंब टाकून ते हटत नाही. हा पटकीचा जंतू नाही.

तपास कसा करतात हे न कळण्याइतकं खातं अडाणी नाही. पंपाचं स्टॉक रजिस्टर काढा. आलं किती, विकलं किती, डिपच्या काठीनं टाकीत भरलं किती. रोज कमी पडत असेल तर ते कुठं जातं? टाकी आणि लाइन दाबाखाली तपासा. पंपाभोवती निरीक्षणाचे बोअर मारा. पाण्याचा उतार कळायलाच किमान तीन लागतात. आणि महाराष्ट्राची बहुतेक जमीन काळ्या पाषाणाची. इथं पाणी भेगांतून पळतं, नकाशावरच्या बाणाप्रमाणं चालत नाही. तीन बोअर कोरडे साफ निघाले म्हणून चौथ्या भेगेवरचा हापसा सुटला, असं होत नाही. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात घालून न्यायचा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवस टेबलावर ठेवला की बेन्झीन उडून जातं आणि रिपोर्ट येतो "आढळले नाही". मग तोच रिपोर्ट आमच्या तोंडावर फेकतात.

साफसफाईही ठाऊक आहे. गळती बंद करा. नासलेली माती उकरून काढा. पाण्यावर तरंगणारं पेट्रोल उपसा. जमिनीतली वाफ पंपानं ओढा. पाणी उपसून कार्बनमधून गाळा. वर्षं लागतात, पैसा लागतो. अमेरिकेत सांता मोनिका नावाच्या समुद्रकाठच्या श्रीमंत शहराच्या विहिरींत पंपांच्या गळतीतून पेट्रोलमधलं एमटीबीई नावाचं रसायन उतरलं. १९९६ मध्ये विहिरी बंद केल्या, शहराचं निम्मं पाणी गेलं. शहरानं तेलकंपन्यांना कोर्टात खेचलं, त्यांच्याकडून पैसा काढला. त्या विहिरींचं पाणी पुन्हा नळाला यायला सुमारे १५ वर्षं गेली. पैसेवाल्यांच्या गावात ही गत. आमच्यासाठी कोण १५ वर्षं पंप चालवणार?

कायदा नाही म्हणून सांगू नका. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. राजस्थानातल्या बिछडीच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घाण करणाऱ्यानं निस्तरावी. कारखानदार अर्जावर अर्ज टाकत २०११ पर्यंत खेळले आणि शेवटी चक्रवाढ व्याजाचा हुकूम झाला. तोवर गावानं काय प्यायचं? २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं सांगितलं की नवा पंप शाळा, दवाखाना, वस्तीपासून ५० मीटर लांब हवा, ३० च्या आत तर मुळीच नको. २०२५ मध्ये दूषित जागांचे नियमही निघाले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी करायची आहे. बघा जाऊन, तुमचा हापसा त्या यादीत आहे का.

आता जुनी गोष्ट. २० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर माणसं पाणी प्याली. पाण्यात काही मिसळलं नव्हतं, ओंजळी तेवढ्या बुडाल्या होत्या. तरी सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या, दूध-दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं "शुद्ध" केलं. तेव्हा कुणी रिपोर्ट मागितला? नमुना घेतला? निधी नाही म्हणाले? आज खरंखुरं विष पाण्यात आहे आणि त्याला विटाळ म्हणायला एक जीभ उचलत नाही. कारण पितंय कोण!

म्हणून, पोरांनो, निवेदनं देऊन फोटो काढत बसू नका. वही घाला. कुठला हापसा, कुठली तारीख, कसा वास, पंप किती पावलांवर. विहिरीच्या तोंडाशी काडी ओढू देऊ नका, वाफ पेटते. वहीची नक्कल प्रदूषण मंडळाला आणि कलेक्टरला द्या, पोच घ्या. आणि मागणी एकच लावून धरा: वास आला त्या दिवसापासून टँकर कंपनीच्या खर्चानं आला पाहिजे, आणि टाकी गळत नाही याचा रिपोर्ट पंपवाल्यानं आणला पाहिजे. आम्ही नाही.