माणशी पाच किलो

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, यंत्र या विषयात माझी मजल स्कूटरला किक मारण्यापलीकडे कधी गेली नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळीला मी मोटारगाडीवर लिहायला बसलो आहे हे पाहून आमच्या घरातही हसू झाले. परंतु गाडी माझी नाही, धाकट्या भावाची आहे, आणि ती पुण्यात नसून दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरी आहे.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "दादा, गाडी सज्ज करतोय. मेच्या सुट्टीत आईला घेऊन ये. आपण आउटबॅकला जाऊ." आउटबॅक म्हणजे त्या खंडाच्या पोटातला अफाट, कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख. गाडी सज्ज करायची म्हणजे काय करायचे, हे काही मला उमगेना. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना माणूस हवा-पाणी-तेल पाहतो, पुढे लिंबू-मिरची बांधतो आणि 'मोरया' म्हणतो. पुढचे काम रस्त्यावरची माणसे करतात. लेक मुलाखतीत अडकल्याने सौ. घरीच राहिली, आणि मे महिन्यात मी आईला घेऊन विमानात बसलो.

पोहोचलो त्याच संध्याकाळी पाहतो तो काय, भावाच्या गॅरेजमध्ये गाडीशेजारी न्हाणीघरातला वजनकाटा मांडलेला, आणि चिरंजीव हातात वही घेऊन एकेक वस्तू त्याच्यावर ठेवताहेत. चारी चाकांना जोर देणारी ती धिप्पाड गाडी पाहून मला वाटले होते, हिच्यात अख्खा संसार मावेल. भाऊ म्हणाला, "मावेल, पण पेलणार नाही. हिने माणसांसकट साडेसहाशे किलो उचलावे असा नियम आहे. त्यावर गेले की स्प्रिंगा मोडतात, ब्रेक धरत नाहीत आणि विमावाला हात वर करतो."

मग त्याने मला वही वाचून दाखवली. आम्ही पाच माणसे मिळून ३१० किलो. पुढे कांगारू आडवा आला तर गाडीचे तोंड वाचावे म्हणून बसवलेला पोलादी दांड्यांचा पिंजरा ६०. दुसरी बॅटरी २८. फ्रिज रात्रभर चालला तरी गाडी सुरू करणारी बॅटरी उतरू नये, म्हणून ही वेगळी. दुसरे जादा चाक ३५, कारण एक टायर गेला तर एक जादा चाक पुरते, दुसरा गेला तर तिथेच बसावे लागते. शिधा भरलेला फ्रिज ४०. तंबू आणि अंथरुणे ५०. पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. राहिले किती? ४७. त्यात फावडे, दोर, पान्हे, चाकात हवा भरायचा छोटा कंप्रेसर आणि औषधांची पेटी मिळून २२ किलो गेले.

"उरले पंचवीस," भाऊ म्हणाला, "म्हणजे माणशी पाच किलो."

दादा म्हणवून घेणारा मी चार किलोची पुस्तके घेऊन आलो होतो, हे येथे नमूद करून ठेवतो.

टपावर बसवायचा तंबू चिरंजीवांना हवा होता. त्यावर काट मारलेली होती. साठ किलो डोक्यावर चढवले की गाडी वळणावर कलंडू पाहते. चिखलातून गाडी ओढून काढणारे विजेचे गुंडाळयंत्र दुकानात फार ऐटबाज दिसत होते म्हणे. त्यावरही काट. जादा डिझेलचे दोन डबे लिहून खोडले होते, कारण आम्ही जाणार त्या वाटेवर साधारण दोनशे-दोनशे किलोमीटरवर पंप आहेत आणि टाकीत ऐंशी लिटर बसते. मला या वहीतल्या लिहिलेल्या ओळींपेक्षा खोडलेल्या ओळीच जास्त आवडल्या.

ओझ्याची चूक त्या देशात जुनी आहे. १८६० साली बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाली. तिच्यासाठी दोन डझन उंट कराचीहून जहाजाने आणले होते. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती, म्हणून ते उंट मला उगीचच घरचे वाटले. सामान सुमारे २० टन, त्यात जेवणाचे टेबल आणि खुर्च्याही! जसजसे पुढे गेले तसतसे सामान वाटेत टाकत गेले. एप्रिल १८६१ मध्ये बर्क, विल्स आणि किंग उत्तरेकडून अर्धमेले होऊन कूपर नदीकाठच्या तळावर परतले, तर तिथली मंडळी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली. बर्क आणि विल्स तिथेच मेले. किंग वाचला, कारण यांड्रुवांधा या तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला आपल्यात ठेवून खाऊ घातले. ज्या भूमीत हे साहेब उपाशी मेले, तिथे ते लोक पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहत होते!

असो. आईचे पाच किलो मोजायची वेळ आली. तिने पोळपाट-लाटणे, देवांचा डबा, दोन पातळे, शाल आणि सांडशी एवढे काट्यावर ठेवले. काटा साडेसहावर गेला. भाऊ म्हणाला, "आई, पोळपाट राहू दे. आणि सांडशी कशाला? चिमटा आहे आपल्याकडे." आई म्हणाली, "पोळपाट ठेव. सांडशी येणार." पुढे ती आठ दिवस गाडीच्या मागच्या फळीवर पोळ्या लाटत होती.

रात्री जेवताना मी सहज विचारले, "समजा, गाडी बंदच पडली, तर पुढच्या गावापर्यंत चालत किती लागते?" भावजय वाढता वाढता थांबली. भाऊ म्हणाला, "दादा, तिकडे एकच नियम. गाडी सोडायची नाही." मग त्याने १९६३ सालच्या डिसेंबरातली हकिगत सांगितली. इंग्लंडहून येऊन मरी गावात स्थायिक झालेले एक कुटुंब, आईबाप आणि तीन मुलगे, नाताळाच्या सुमारास बर्ड्सव्हिलच्या वाटेने निघाले. वाट चुकली, पेट्रोल संपले, पाणी संपत आले. गाडीत चिठ्ठी ठेवून ते बाहेर पडले. शोधणाऱ्यांना आधी गाडी दिसली. माणसे गाडीपासून दूर, तहानेने मेलेली सापडली. पाचही. आकाशातून पाहणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही, एवढे साधे त्याचे कारण. त्या मुलखातले ऊडनाडाटा हे गाव मी नकाशात पाहिले. तिथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणूनच आम्ही थंडीच्या तोंडावर निघालो होतो. तरी त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

मरीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरची ऊडनाडाटाची वाट आहे. जुनी 'घान' आगगाडी याच बाजूने धावे. १९८० साली तो मार्ग बंद झाला. तारेची लाइन आणि आगगाडी दोन्ही येथून गेल्या, त्या जमिनीतून फुटणाऱ्या झऱ्यांच्या ओळीला धरून, आणि ते झरे अरबाना लोकांना त्यापूर्वी कितीतरी काळ माहीत होते.

मरीला डांबर संपले आणि भावाने गाडी थांबवून चारी चाकांतली हवा सोडायला सुरुवात केली. मी घाबरलो. चाळीस पौंडांवरून अठ्ठावीसवर! पण पुढचा रस्ता म्हणजे पन्हाळी पत्रा अंथरावा तसा, आडव्या वरवंट्यांचा. टणक टायर प्रत्येक दगडावर आदळतो आणि फाटतो, मऊ टायर दगड पोटात घेतो. मऊ चाकाने मात्र हळू चालवावे लागते, नाहीतर ते तापून फुटते. वाळूत सोळा-अठरापर्यंत उतरवतात, आणि डांबर आले की कंप्रेसरने पुन्हा भरतात. एवढ्या मोठ्या गाडीतली सर्वांत उपयोगी वस्तू हवा मोजायची ती बोटभर लांबीची नळी निघाली.

पन्हाळीने आमचा दात न्‌ दात मोजला. विल्यम क्रीक सोडल्यावर दुसऱ्या संध्याकाळी तंबू ठोकताना चिरंजीव ओरडले, "बाबा, डबा रिकामा!" पाण्याचे चार डबे होते, वीस-वीस लिटरचे. त्यांतला एक बोल्टाच्या डोक्यावर घासत घासत भोकाला गेला होता आणि सारे पाणी वाटेवर सांडले होते. भावाचा चेहरा उतरला. तो बोल्ट त्यानेच बसवलेला. दुसरा डबा निम्मा वापरला होता. उरले पन्नास लिटर.

त्याच रात्री पाऊस आला. फार नव्हे, पण तिकडची माती थोड्या पावसातही लोण्यासारखी होते. वाट बंद झाल्याचे भावाला उपग्रहाच्या यंत्रावर कळले. बंद वाटेवर गाडी घातली तर दंड होतो, आणि रुतलो तर दंड भरायलाही कोणी भेटत नाही. त्याने घरी 'सर्व ठीक, थांबलो आहोत' असा निरोप धाडला. धोक्याच्या वेळी दाबायचे तांबडे यंत्र खिशात होते, पण अजून दाबण्याजोगे काही झाले नव्हते.

आम्ही सारे विद्वान तंबूत बसून पन्नास भागिले पाच करत होतो. आई उठली. ताडपत्रीच्या कडेवरून पागोळ्या गळत होत्या, त्यांच्याखाली तिने पातेले मांडले, मग दुसरे, मग बादली. १९७२ च्या दुष्काळात ती वीस वर्षांची होती, बीड जिल्ह्यात. त्या दिवसांविषयी तिने आम्हा मुलांना कधी फारसे सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हुकूम सोडला. डब्यातले पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, पागोळ्यांचे हातातोंडाला. भांडी आधी राखेने, मग कोरड्या वाळूने, आणि शेवटी ओंजळभर पाण्याने. भाताची पेज ओतायची नाही, प्यायची. चिरंजीवांनी पेज प्यायली आणि वर मागितली, हे पाहून भावजय म्हणाली, "भाऊजी, घरी हा दुधाची सायसुद्धा काढून ठेवतो."

असे दोन दिवस. दोन दिवसांत वाटेवर एकही चाक दिसले नाही. मी आणलेले पुस्तक (एकच, हलकेसे, आईच्या शालीत लपवलेले) मी दोनदा वाचले. तिसऱ्या दिवशी दुपारी माती वाळली, आणि मागून एक जुनाट ट्रक आला. जवळच्या, म्हणजे साठ किलोमीटरवरच्या, गुरांच्या मळ्यावरचा माणूस होता. काच खाली करून त्याने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. पहिला प्रश्न, "पाणी आहे ना?" आपल्याकडे दारात आलेल्याला 'जेवलात का?' विचारतात, अगदी त्या सुरात. भावाने डबा हलवून दाखवला. चौदा लिटर उरले होते. त्याने मान डोलावली, ऊडनाडाटाकडची वाट उघडल्याचे सांगितले आणि आम्ही निघून दिसेनासे होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

ॲडलेडला परतल्यावर भावाने वही पुन्हा काढली. तो दर प्रवासानंतर तसे करतो. काय वापरले, काय नाही. दुसरे जादा चाक वापरले नाही, तरी राहिले. बोल्टाच्या जागी पट्टा आणि खाली रबराचा तुकडा, अशी दुरुस्ती लिहिली. पाण्याच्या ओळीत चाराचे पाच डबे झाले. मग बराच वेळ पेन दातांत धरून त्याने शेवटी एक नवी ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली.

'सांडशी : २५० ग्रॅम.'

आईने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "ही माझी आहे. मी पुण्याला नेणार. तू तुझी घे."