माळ्यावर शेवटचं कोण चढलं होतं?

गगनबावड्याच्या पावसात रोपलावण करून तापलेला माणूस दारात आला की आपल्याला लेप्टो आठवतो. डोळे लाल, पोटऱ्या ठणकतात, पायाला भेगा. पण सुगी उरकल्यावर, चिखल सुकल्यावर तसाच ताप आला, प्लेटलेट घटल्या, लघवीत प्रथिनं उतरली, क्रिएटिनिन चढलं आणि लेप्टो, डेंगी, स्क्रब टायफस तिन्ही निगेटिव्ह आले, तर? केसपेपरवर 'व्हायरल फिव्हर' लिहून आपण पुढचा पेशंट बोलावतो. माझा आक्षेप त्या दोन शब्दांना आहे.

त्यांच्यामागे उंदरांकडूनच येणारा हंटा विषाणूही लपलेला असू शकतो. लेप्टो उंदराच्या मुतानं नासलेल्या पाण्यातून येतो, हंटा मुख्यतः धुळीतून. नवं भात भरण्याआधी घरातली बाई माळ्यावर चढते, रिकामी कणगी आडवी करून केरसुणीनं खरवडते. वाळलेल्या लेंड्या, मुताचे डाग, सगळं उडून नाकातोंडात जातं. ताप यायला बहुधा दोन आठवडे लागतात, कधी आठसुद्धा. तोवर ती साफसफाई कोणाच्या ध्यानात असणार? म्हणून 'ताप कधीपासून?' एवढ्यावर न थांबता मागच्या दोन महिन्यांचं विचारायला हवं.

हंटा आपल्याकडे परका नाही. वेल्लोरजवळ 1964 मध्ये चिचुंद्रीत सापडलेला थोट्टापलयम विषाणू पुढे याच कुळातला ठरला. त्यानं माणूस आजारी पडतो हे सिद्ध नाही. पण वेल्लोरच्याच संशोधकांना नंतर इरुळा आदिवासी आणि गोदाम कामगारांच्या रक्तात हंटाविरोधी प्रतिपिंडं मिळाली. आणि उंदरांकडे आधी का बघायचं, यासाठी 1994 चं बीड जिल्ह्यातलं मामला गाव विसरू नये, तिथला आजार वेगळा असला तरी. तिथं माणसांना प्लेगच्या गाठी येण्याआधी उंदीर मरून पडत होते, पिसवा वाढल्या होत्या.

माग काढायचा तर पहिल्या आठवड्यातलं रक्त हवं. सीरम गोठवून ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घ्या. प्रतिपिंडं फक्त कूळ सांगतात. नेमका कोणता विषाणू, हे रुग्णाच्या नमुन्यातल्या जनुकीय क्रमवारीतून कळतं, आणि तो कुठून आला, हे ती त्याच घरात पकडलेल्या उंदराच्या फुप्फुसातल्या क्रमवारीशी जुळली की कळतं. सापळे प्रशिक्षित पथकालाच लावू द्या. रिपोर्टची वाट बघत डॉक्सिसायक्लिन मात्र अडवू नका. लेप्टो आणि स्क्रब थांबत नाहीत. हंटाचा संशय असेल तर सलाईन लघवीचं माप बघूनच चढवा, जास्तीचं पाणी फुप्फुसात साठतं.

घरच्यांना एवढं सांगा: दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, लेंड्यांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून मुरू द्या, मग ओल्या फडक्यानं पुसून काढा. कोरडा झाडू नको.