स्थिर दीपाचे पुण्य

वसुबारसेची पहिली पणती लागली की भाऊबीजेपर्यंत आपल्या घरांतून प्रकाशाचा वास असतो. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला एक उपमा दिली आहे, ती वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या, किंचितही न हलणाऱ्या दिव्याची. कीर्तनाच्या पूर्वरंगात ही उपमा आम्ही चाळीस वर्षे उलगडून सांगत आलो. माणसाचे मन दिव्यासारखे स्थिर असावे, हा तिचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु दिवाही स्थिर असावा, हा तिचा अगदी साधा, शब्दशः अर्थ आम्हांस आमच्या नातीमुळे कळला, आणि तोही फार उशिरा. दीपावलीच्या या पर्वावर तोच अर्थ वाचकांपुढे ठेवावा, अशी आमची इच्छा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातील गोष्ट. आमच्या वाई क्षेत्री कृष्णाकाठच्या एका मंडपात आमचे कीर्तन होते. मागे बसलेल्यांस दिसावे म्हणून व्यासपीठाच्या पाठीमागे मोठा विद्युत्-पडदा लावला होता. आख्यान संपून मंगलारतीस आरंभ झाला, तोच त्या पडद्यावर तांबडा आणि पांढरा प्रकाश एकामागून एक वेगाने लखलखू लागला. पहिल्या रांगेत झांज घेऊन बसलेली आमची तेरा वर्षांची नात एकाएकी ताठ झाली आणि खाली कोसळली. तिचे हातपाय आकडू लागले, तोंडाला फेस आला. कोणी चप्पल हुंगावयास आणली, कोणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला, कोणी दातांत चमचा घालण्यास धावले. "अंगात आले आहे," असे म्हणून दोघीचौघींनी हातही जोडले. आणि आम्ही, शास्त्राचे अध्ययन केले असे समजणारे, तिच्या तोंडावर तीर्थ शिंपडत उभे राहिलो. श्रोत्यांत एक परिचारिका बाई होत्या. त्यांनी सर्वांना दूर सारले, तिच्या मस्तकाखाली शालीची घडी ठेवली, तिला कुशीवर वळविले आणि घड्याळाकडे पाहत त्या शांतपणे बसून राहिल्या. दोन मिनिटांत झटका ओसरला.

पुढे पुण्यास मेंदुविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर हिच्या हातून वस्तू पडतात का?" आमची मान खाली गेली. वर्षभर ती पूजेचे पाणी आणताना पंचपात्री सांडीत असे. हाताला क्षणभर हिसका बसे आणि तांब्याचे भांडे फरशीवर जाई. "लक्ष कुठे असते तुझे? देवाच्या कामात तरी चित्त ठेव," असे आम्ही तिला कितीदा तरी रागे भरलो होतो. ती बिचारी निमूटपणे फरशी पुसून घेई. किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकारात सकाळच्या वेळी असे हिसके बसतात, जागरणाने ते वाढतात आणि या प्रकारच्या कित्येक रुग्णांस लखलखता प्रकाश सोसत नाही, हे त्या दिवशी आम्हांस समजले. आम्ही ज्याला अनवधान म्हणत होतो, ते रोगाचे लक्षण होते.

अपस्मार हा शब्द आम्हांस अपरिचित होता असे नव्हे. चरकसंहितेच्या निदानस्थानात आठ रोगांचे निदान सांगितले आहे, त्यांतील आठवा अध्याय अपस्माराचाच आहे. स्मृतीचा लोप होणे आणि जणू अंधारात शिरणे, असे त्याचे स्वरूप आचार्यांनी सांगितले. वाताच्या अपस्मारात रुग्णास रुक्ष, तांबूस-काळी रूपे दिसतात, पित्ताच्या अपस्मारात पिवळी व लाल, तर कफाच्या अपस्मारात पांढरी, इतक्या बारकाव्याने त्यांनी रुग्णाचे ऐकून घेतले होते. आगंतू कारणांचाही विचार त्या काळी झाला, हे खरे. तथापि त्याच्या लगतच्याच, उन्मादाच्या अध्यायात आचार्य बजावतात की, बुद्धीच्या प्रमादाने झालेल्या गोष्टींचे खापर माणसाने देवांवर वा पिशाचांवर फोडू नये. ग्रंथ आमच्या कपाटात होता. अर्थ मात्र मंडपातल्या त्या परिचारिकेच्या हातांत होता.

आधुनिक वैद्यक काय सांगते, तेही सोप्या शब्दांत पाहू. मेंदूतील पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्-संकेतांनी बोलत असतात. त्यांपैकी असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात अकारण पेटून उठल्या की झटका येतो. जगात सुमारे ५ कोटी लोकांस हा विकार आहे. योग्य निदान आणि उपचार मिळाल्यास शंभरांतील सत्तरपर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपस्मार असलेल्या दर शंभरांत सुमारे तिघांस प्रकाशाच्या लखलखाटाने झटका येतो आणि त्यांत मुले व किशोरवयीन अधिक असतात. सेकंदाला तीनपासून तीसपर्यंत उघडझाप करणारा प्रकाश त्यांस बाधतो. पंधरा ते पंचवीस हा वेग विशेष घातक ठरतो. रस्त्याच्या दुतर्फा झाडांची रांग असावी, मोटार वेगाने जात असावी आणि उन्हाचे कवडसे डोळ्यांवर एकामागून एक आपटत असावेत, तेवढ्यानेही एखाद्यास झटका येऊ शकतो. जुन्या काचनळीच्या दूरदर्शनसंचाचा पडदा स्वतःच लुकलुकत असे. आताच्या सपाट पडद्यांचा तो दोष बराचसा गेला, परंतु त्यांवरचे चित्र लुकलुकू लागले तर धोका तसाच राहतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी सायंकाळी ‘पोकेमॉन’ या मुलांच्या चित्रमालिकेच्या एका भागात तांबडा व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा, असा काही सेकंद लखलखला. त्या रात्री सुमारे ६८५ मुलांस रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील बहुतेकांस पूर्वी कधीही झटका आलेला नव्हता. पुढे चार महिने ती मालिका बंद राहिली आणि अशा दृश्यांसाठी जपानमध्ये नियम झाले. २००७ साली लंडनच्या ऑलिंपिक क्रीडास्पर्धेच्या बोधचिन्हाची एक चलच्चित्रफीत अशाच तक्रारींमुळे मागे घ्यावी लागली. संगणकाच्या पडद्यावरील मजकुरासाठी आज जो आंतरराष्ट्रीय दंडक मानतात, तोही हेच सांगतो की, कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लखलखू नये. सातासमुद्रांपलीकडचे लोक कोणा अनोळखी बालकासाठी पडद्यावरचा प्रकाश मोजून घेतात. मग आपल्या मंडपांतील प्रकाश कोण मोजतो?

उत्सवाची शोभा आम्हांस नको आहे, असे कोणी समजू नये. परंतु मिरवणुकीतील ते फिरते शार्पी दिवे, क्षणोक्षणी उघडझाप करणारे झोत आणि डोळ्यांत घुसणारे लेझरकिरण यांत दीपपूजन कोठे आहे? लेझरचा अपाय निराळा, तो थेट नेत्रपटलावर आघात करतो. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टीस अशी इजा झाल्याचे नेत्रवैद्यांनी निदर्शनास आणले होते. लखलखाट डोळ्यास भाजत नाही, तो डोळ्याच्या वाटेने मेंदूत शिरतो. ज्या प्रकाशाने एखादे लेकरू अंधारात कोसळते, त्याला दीप म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

दृष्टीसंबंधी आणखी एक गोष्ट गृहस्थांनी ध्यानी घ्यावी. दृष्टीचे केंद्र मेंदूच्या मागील भागात असते. झटका तेथूनच सुरू होणाऱ्या रुग्णास काही क्षण एका बाजूस रंगीत वर्तुळे दिसतात, कधी दृष्टीच अंधुक होते. कोणी याला अर्धशिशी समजतो, कोणी चष्म्याचा क्रमांक वाढला म्हणतो आणि वर्ष निघून जाते. अर्धशिशीतील नागमोडी रेषा बहुधा सावकाश, काही मिनिटांत पसरतात, तर ही रंगीत वर्तुळे झटकन येऊन थोडक्यात ओसरतात. मूल असे काही सांगू लागले तर "काहीतरी बोलू नकोस" म्हणून गप्प करू नये. चरकाचार्यांनी रुग्णाचे रंग लिहून ठेवले, आपण निदान ते वैद्यांच्या कानी घालावेत. विगाबॅट्रिन हे अपस्मारावरील औषध दृष्टीचे क्षेत्र आकुंचित करू शकते. ते चालू असलेल्यांची नेत्रतपासणी ठरल्या वेळी झालीच पाहिजे. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करणे हे सर्वांत घातक होय.

आता व्रतांविषयी. उपवासाच्या दिवशी सकाळची गोळी टाळली आणि संध्याकाळी झटका आला, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. पाणी, मूळ, फळ, दूध यांच्याबरोबरच औषधानेही व्रतभंग होत नाही, हे वचन आपल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी आवर्जून उद्धृत केले आहे. तेव्हा गोळी घेणाऱ्याने मनात शंका धरू नये आणि घरच्यांनी त्याला शंका देऊ नये. जागरणाचेही तसेच आहे. नरकचतुर्दशीस पहाटे उठावयाचे असेल तर आदल्या रात्री लवकर निजावे. रुग्णाने स्नानगृहाची कडी आतून लावू नये आणि नदीवर एकट्याने उतरू नये. डोक्यावर कढत पाणी घेतल्यानेच झटका येणारा एक प्रकार दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात आढळतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील वैद्यांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. म्हणून अभ्यंगाचे पाणी कोमट असावे. आरतीचा कापूर पोटात गेल्यास लहान मुलास झटके येऊ शकतात, तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

लखलखाट डोळ्यांसमोर आलाच तर ज्याला त्याचा त्रास आहे त्याने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतूनही तांबडा उजेड आत शिरतो. दूरदर्शन दुरून आणि खोलीत दिवा लावून पाहावे. कोणास झटका आलाच तर त्याचे हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि वेळ पाहावी. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. चप्पल, कांदा आणि किल्ल्या यांचा येथे काडीचाही उपयोग नाही.

आणखी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या घरी निदान होऊन आठ दिवस झाले नाहीत, तोच एका वडीलधाऱ्या नातलगांनी कानात सांगितले, "मुलीची जात आहे, बाहेर बोलू नका." हे सांगणारे दुष्ट नव्हते, भ्यालेले होते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहास बाधा ठरली होती. १९९९ साली अपस्मार हा शब्द त्या कलमातून काढून टाकण्यात आला. कायद्याने डाग पुसला, आमच्या मनांनी तो जपून ठेवला. लपविलेल्या रोगाची गोळीही लपून घ्यावी लागते आणि लपून घेतलेली गोळी चुकते. त्या नातलगांस आम्ही सांगितले की, आम्ही शाळेत सांगणार, शेजारी सांगणार आणि पुढे सोयरीक आली तर पहिल्या बैठकीतच सांगणार.

नटराजाची मूर्ती वाचकांनी पाहिली असेल. शिवाच्या उजव्या पायाखाली जो बुटका पडला आहे, त्याचे नाव अपस्मार. तो विस्मृतीचे, अज्ञानाचे प्रतीक होय. त्या नावावरून रुग्णासच हीन मानणारे आम्हांस भेटले आहेत. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. त्या रात्री मंडपात अपस्मार आमच्या नातीच्या देहात होता, परंतु ज्याला पायाखाली दाबावयास हवे होते तो आम्हां सर्वांच्या डोक्यांत बसला होता.

मंडळांच्या कार्यकर्त्यांस आमची विनंती एवढीच आहे की, रोषणाई ठरविताना उघडझाप करणारे झोत वगळावेत, पडद्यावर लखलखाट दाखवू नये आणि झटका आल्यास काय करावे हे निदान दोघा कार्यकर्त्यांस ठाऊक असावे. यास खर्च येत नाही. आम्हीही आता एक नेम केला आहे. व्यासपीठामागील पडदा स्थिर राहील असे यजमानांनी मान्य केल्यावाचून आम्ही वीणा हाती घेत नाही. त्यामुळे दोन आमंत्रणे गेली. जावोत.

औषध नियमित चालू झाल्यापासून नातीला मोठा झटका आलेला नाही. सकाळी एखादे वेळी अजून हाताला हिसका बसतो आणि पंचपात्री सांडते. आता फरशी आम्ही पुसतो. यंदा आमच्या दारी विजेची माळ आहे, पण ती संथ तेवणारी, आणि तुळशीपुढच्या पणत्या नातीनेच लावावयाच्या, असे घरात ठरले आहे. वाऱ्याने वात हलू नये म्हणून ती ओंजळीचा आडोसा धरते, तेव्हा गीतेतील ती उपमा आम्हांस नव्याने वाचता येते. आपल्या दारचे दीपही असेच स्थिर राहोत आणि त्यांच्या उजेडात कोणाही लेकरास भय न वाटो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

इत्यलम्।